आइन्सा ते आन्यिस्क्लो: अरागॉनच्या डोंगरगावांतून रोडबाइकवर

घाटवाट

युरोपात सायकल चालवायची म्हटलं की आपल्याकडची मंडळी आल्प्सचं नाव घेतात, नाहीतर मायोर्का बेटाचं. मायोर्का सुंदरच आहे, पण वसंतात तिथल्या घाटांत सायकलींचीच रांग लागलेली असते. मला लिहायचंय ते पिरेनीजच्या दक्षिण उतारावरच्या सोब्रार्बे या भागाबद्दल. स्पेनमधलं अरागॉन, त्यातला वेस्का प्रांत, आणि त्याच्या उत्तरेला फ्रान्सच्या सीमेला टेकलेला हा डोंगराळ पट्टा. नोकरीमुळे मी सारागोसात राहतो आणि सुट्टी मिळाली की सायकल गाडीवर टाकून तिकडेच जातो. इथे कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

आधी एक आकडा. सोब्रार्बेचं क्षेत्रफळ साधारण २,२०० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या जेमतेम साडेसात हजार. म्हणजे चौरस किलोमीटरला साडेतीन माणसं. त्यामुळे आडरस्त्यांवर कधीकधी तासभर एकही गाडी येत नाही. डांबर चांगलं, खड्डे नाहीत, हॉर्न नाही. आपल्याच साखळीचा आवाज ऐकत चढत राहायचं. पहिल्यांदा आलेला माणूस या शांततेनेच भारावून जातो. ती कुठून आली ते पुढे लिहितो, कारण माझ्या मते ते माहीत नसताना इथून नुसतं सायकल हाणत जाणं बरोबर नाही.

मुक्काम आइन्साला करावा. सिन्का आणि आरा या नद्यांच्या संगमावर हे गाव आहे. खाली नवी वस्ती, दुकानं, पेट्रोलपंप. वर टेकडीवर जुनं गाव. वरचा चौक बाराव्या-तेराव्या शतकातला, लांबच लांब, कडेने दगडी कमानींच्या ओवऱ्या. सांता मारिया चर्चची वास्तुप्रतिष्ठा ११८१ सालची. एका टोकाला किल्ला. संध्याकाळी ओवरीतल्या बाकावर बसलं की भिंतींचा दगड अजून गरम लागतो.

आणि मान वर करून धुराडी बघा. या भागातल्या जुन्या घरांची धुराडी गोल असतात, चांगली माणूसभर जाडीची, आणि माथ्यावर एक उभा दगड बसवलेला. कुठे नुसताच अनगड धोंडा, कुठे नाक-डोळे कोरलेलं डोकं. चेटकिणी धुराड्यातून घरात शिरतात अशी समजूत होती, त्यांना अडवायला हा पहारेकरी. धुराड्याखाली चूल, चुलीभोवती तिन्ही बाजूंनी लाकडी बाकडी, आणि हिवाळाभर घर तिथेच बसलेलं. एक-दोन गावांत घराचं छप्पर बसलंय, भिंती ढासळल्यात, पण धुराडं आणि त्यावरचा दगड तसाच उभा आहे, असंही पाहिलंय.

आता रस्ता. माझ्या मते इथली सगळ्यात देखणी फेरी म्हणजे आइन्सा, एस्कालोना, आन्यिस्क्लोची घळ, फानलो, सार्विसे, फिस्काल, बोल्तान्या आणि परत आइन्सा. ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर होतात. एस्कालोनापर्यंतचे दहा किलोमीटर फ्रान्सकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचे, ते सकाळी लवकर उरकावेत. तिथून डावीकडे वळलात की जगच बदलतं. रस्ता जेमतेम एका गाडीच्या रुंदीचा. एका हाताला कडा, तोही कधी कधी डोक्यावर आलेला, आणि दुसऱ्या हाताला खाली बेयोस नदी. जागाच नाही, म्हणून घळीतून गाड्या एकाच दिशेने, चढाच्या बाजूने सोडतात. समोरून कुणी येत नाही. सायकलवाल्याला याहून काय हवं? ऊन घळीच्या तळाशी उशिरा पोचतं. मे महिन्यातसुद्धा सकाळी बोटं गारठतात, तेव्हा पातळ हातमोजे बरोबर असू द्या. घळीच्या मधोमध सान उर्बेस या संताची कपारीतली छोटी देवळी आहे. सायकल लावून, पूल ओलांडून चालत जाता येतं.

घळीतून बाहेर पडल्यावर खरी चढण. झाडी विरळ होते, दगडी छपरांची दोन-चार घरं दिसतात, आणि उत्तरेला ओर्देसा राष्ट्रीय उद्यानाचे कडे उघडतात. हे उद्यान १९१८ सालचं, स्पेनमधल्या पहिल्या दोन उद्यानांपैकी एक. मोंते पेर्दीदो हे साडेतीन हजार मीटरच्या जरा खालचं शिखर त्याच्या माथ्यावर आहे. फानलो साधारण १,३४० मीटरवर. पुढे सार्विसेपर्यंत वळणावळणांचा उतार, झाडांच्या सावलीतला. सावलीत ओलसर पानं पडलेली असतात, तिथे ब्रेक जपून.

सार्विसेला आरा नदी भेटते. पिरेनीजमधल्या इतक्या मोठ्या नद्यांपैकी जवळपास हीच एक धरणाशिवाय वाहते. ती का वाहते, याची गोष्ट पुढच्या वीस किलोमीटरमध्ये रस्त्याच्या कडेलाच उभी आहे.

फिस्कालला चर्चपाशी थांबा आणि कोरीव दगडी दरवाजा बघा. तो मूळचा तिथला नाही. तो हानोवासच्या चर्चचा, दगड दगड सोडवून इथे आणून बसवलेला. मग नदीच्या कडेने खाली निघालात की लाकोर्त आणि लावेलीया लागतात, उजाड, आणि नदीपलीकडे हानोवास. ही तिन्ही गावं धरणासाठी रिकामी केली. १९५० च्या दशकात जलविद्युत प्रकल्प ठरला, साठच्या दशकात जमिनी घेतल्या, लोक निघेनात तेव्हा रिकाम्या झालेल्या घरांना सुरुंग लावले. शाळा चालू असताना बंद पाडली. एक कुटुंब १९८० च्या दशकापर्यंत तग धरून राहिलं, शेवटी तेही गेलं. आणि धरण? ते झालंच नाही. २००१ साली पर्यावरणाच्या कारणावरून प्रकल्प नाकारला गेला. गाव आधीच पाडून झालं होतं. आता त्या घरांची मुलं-नातवंडं जमिनी परत मिळवून, पदरचे पैसे घालून, एकेक घर उभं करताहेत. नदीवरच्या झुलत्या पुलावरून पलीकडे जाता येतं. कुणी काम करत असेल तर "बुएनोस दीआस" म्हणा, लोक बोलतात.

तर ती शांतता अशी आलेली आहे. काही गावं धरणापायी गेली, काहींच्या शेतजमिनी वनखात्याने पाइन लावायला घेतल्या, बाकीची तरुण पोरं बार्सेलोना-सारागोसाच्या कारखान्यांत गेली. या रस्त्यांवर सायकल चालवायला मिळते ती या लोकांच्या जाण्यामुळे. म्हणून माझा आग्रह आहे: सगळं सामान शहरातून पाठीवर भरून आणू नका. गावातल्या बारमध्ये थांबा, कॉफी प्या, ब्रेड-चीज तिथलंच घ्या, रात्र तिथेच काढा.

दक्षिणेकडचा दुसरा रस्ता, आइन्सा ते अल्केसार, त्याबद्दल कुणाला रस असेल तर प्रतिसादात लिहितो.

---

पेडलपंढरी

फार सुंदर लिहिलंय. धुराड्यांचं तर डोळ्यांसमोर आलं. थोडं रुक्ष विचारतो: चढ किती टक्क्यांचे? माझ्या सायकलला पुढे ५०-३४, मागे ११-२८ दात्यांच्या चकत्या आहेत. पुण्याहून नेण्यात अर्थ आहे का?

---

घाटवाट

@पेडलपंढरी, जो सिंहगडाचा डांबरी रस्ता न उतरता चढतो त्याला इथे घाबरण्यासारखं काही नाही. सिंहगड आखूड आणि उभा. इथले चढ लांब आणि बऱ्यापैकी एकसारखे, बहुतेक ठिकाणी पाच-सहा टक्के, मध्येच तुकडे आठ-नऊचे. त्रास होतो तो लांबीचा. तास-दीड तास एका लयीत चढायची सवय हवी. त्यासाठी आपल्याकडे पसरणी घाट आणि लगेच पुढे पाचगणी-महाबळेश्वर हा सराव उत्तम. मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, मात्र ११-३२ किंवा ३४ करून घ्या. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, तेवढी मोठी चकती घेतो का ते दुकानात आधी विचारा. टायर २८ मिमी. आडरस्त्यांवर हिवाळ्यानंतर खडी असते.

---

भीमाकाठ

हानोवास वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझं आजोळ इंदापूर तालुक्यातलं. उजनी झालं तेव्हा जुनं पळसदेव पाण्यात गेलं, गाव उठून वर सोलापूर रस्त्याकडे आलं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, आणि मग आजी-आजोबांच्या पिढीतले लोक होडीने जाऊन दर्शन घेऊन यायचे. आजी देवळापेक्षा देवळाच्या आजूबाजूलाच जास्त बघायची. आमचा वाडा इथे, विहीर तिथे, असं बोटाने दाखवायची.

आमचं धरण निदान झालं, ऊस पिकला, शहरांना पाणी मिळालं. गाव पाडून धरणच न बांधणं हे त्या लोकांनी कसं सोसलं असेल?

---

घाटवाट

@भीमाकाठ, तुमच्या आजीसारखी माणसं इथेही आहेत. आइन्साच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर मेदियानो आहे. ते धरण मात्र झालं. १९६९ मध्ये पाणी चढलं आणि गाव बुडालं. चर्चचा मनोरा तेवढा वर राहिला. तलाव भरलेला असताना फक्त टोक दिसतं, पाणी उतरलं की पूर्ण मनोरा आणि चर्चच्या भिंती. मी एकदा शरद ऋतूत गेलो तेव्हा वाळलेल्या चिखलातून चालत चर्चच्या दारापर्यंत जाता आलं. चिखलाला मोठाल्या भेगा, त्यांत शिंपले. तिथे एक वयस्क बाई आपल्या नातीला हाताने हवेत रेघा मारून काहीतरी दाखवत होत्या. मी लांबूनच परतलो.

---

शाकंभरी

धागा आवडला. आम्ही दोघं पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं. स्पेनच्या खेड्यात उपास घडतो असं ऐकलंय. खरं का?

---

माद्रिदची माय

@शाकंभरी ताई, मी माद्रिदला आहे, मुलांना घेऊन त्या भागात जाऊन आले आहे. उपास घडत नाही, पण विचारून घ्यावं लागतं. "सिन कार्ने" म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही. बऱ्याच ठिकाणी हॅमला मांसात धरतच नाहीत! म्हणून "नि हामोन, नि आतून" असंही सांगायचं: हॅम नको, टूना नको. डाळीच्या आमटीत सॉसेज असतं, तेव्हा तीही विचारून. बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, म्हणजे तोर्तीया, जवळपास प्रत्येक बारमध्ये मिळतं. ब्रेडवर टोमॅटो घासून वर ऑलिव्ह तेल आणि मीठ, हे सकाळी सायकलवाल्यांसाठी छान. अरागॉनची खास भाजी म्हणजे बोराखा, केसाळ पानांची. तिचे देठ बटाट्याबरोबर उकडून तेल घालून देतात. आणि वसंतात बार्बास्त्रोच्या बाजूला तिचीच पानं पिठात बुडवून तळतात, वर साखर भुरभुरतात. त्याला क्रेस्पिय्यो म्हणतात. आपल्या पानाच्या भज्यांचीच गोड बहीण.

वेळा सांभाळा. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं साडेआठ-नऊच्या आत नाही. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, रविवारी तर बऱ्याच गावांत दिवसभर. आणखी एक: गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. गाडीवाल्याने सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडायचं, हाही कायदा, आणि लोक तो पाळतात. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायलाही परवानगी आहे.

---

शंकेखोर

लेख उत्तम. एका मुद्द्यावर मात्र मनापासून वेगळं मत आहे. दोन कॉफ्या आणि एका रात्रीच्या भाड्याने गाव जगत नाही. कोकणात आम्ही हेच बघतोय. पर्यटक आले, होमस्टे झाले, जमिनींचे भाव चढले, आणि गावातल्याच पोराला घर बांधायला जागा परवडेना. गाव शाळेने जगतं, दवाखान्याने जगतं. आइन्साचा तो सुंदर चौक आज कुणाचा आहे? राहणाऱ्यांचा की हॉटेलवाल्यांचा?

---

घाटवाट

@शंकेखोर, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि आइन्साच्या वरच्या चौकापुरतं तर पूर्ण पटतं. तिथे आता मुख्यतः हॉटेलं आणि दुकानं आहेत, राहणारे खाली नव्या वस्तीत. पण त्याच आइन्साबद्दल दुसरी बाजूही सांगतो. तिथल्या लोकांनी "सोना सेरो" नावाने जुन्या पायवाटा, खेचरांच्या वाटा साफ करून माउंटन बाइकसाठी खुल्या केल्या. ऑगस्टपुरती असणारी गर्दी त्यामुळे वसंतात आणि शरदात पसरली. ज्याला वर्षातून दोन महिने धंदा मिळतो तो बाकीचे महिने शहरात जातो. दहा महिने मिळाला तर बायको-मुलांसह गावात राहतो, आणि मग शाळेत मुलं असतात. एवढ्याने प्रश्न सुटत नाही हे मान्य. माझं म्हणणं इतकंच की ऑगस्ट टाळून, मे-जूनच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात जा, आणि एका नावाजलेल्या गावात चार रात्री काढण्याऐवजी एखाद-दुसरी रात्र लहान गावात काढा.

---

शंकेखोर

हे पटलं. वाटा गावाच्या हातात राहिल्या तर फरक पडतो. लहान गावांची नावं द्या मग.

---

घाटवाट

देतो, त्यातच दक्षिणेचा रस्ता येईल. आइन्सातून गुआसोमार्गे आर्कुसाकडे जाणारा रस्ता धरा. धरणाच्या कडेने जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला हा समांतर, पण वाहतूक नावालाच. ओर्देसासारखे कडे इथे नाहीत. ओकची झुडपं, बदामाची झाडं, दगडी बांध घातलेली पडीक शेतं, आणि सतत चढ-उतार. मागे वळलं की बर्फाची शिखरं, पुढे सिएर्रा दे ग्वाराची डोंगररांग.

या वाटेवरून थोडं आत लेसिना आहे. राहणारी माणसं डझनभर असतील-नसतील. तिथे एक ओक आहे, गावकरी त्याला हजार वर्षांचा म्हणतात. २०२१ मध्ये युरोपच्या "ट्री ऑफ द इयर" स्पर्धेत हे झाड पहिलं आलं, लाखाहून जास्त मतं पडली! खोडाभोवती आता कुंपण आहे, मुळं तुडवली जाऊ नयेत म्हणून; ते ओलांडू नका. जवळच व्हेरो नदीच्या घळीत आदिमानवाने रंगवलेल्या कपारी आहेत, १९९८ पासून जागतिक वारसा यादीत. पुढे कोलुंगो, बडीशेपेच्या दारूसाठी प्रसिद्ध, आणि मग अल्केसार. ते कड्यावर मुस्लिम राजवटीत उभारलेल्या किल्ल्याच्या जागी मोठं चर्च असलेलं गाव. अल्केसारला गर्दी असते. राहायचं तर अलीकडे.

पूर्वेला वेळ असेल तर रोदा दे इसाबेना. पन्नासेक वस्तीचं गाव आणि त्याला एके काळचं कॅथेड्रल. स्पेनमधलं कॅथेड्रल असलेलं सगळ्यात लहान गाव म्हणून सांगतात.

---

पंखवेडा

गिधाडांचं कुणीच बोललं नाही! त्या भागात ग्रिफन गिधाडं तर डोक्यावर घिरट्या घालतातच, पण हाडं कड्यावरून टाकून फोडणारं दाढीवालं गिधाडही आहे. युरोपात त्याची सगळ्यात मोठी संख्या पिरेनीजमध्येच. आपल्याकडे ते बघायला स्पिती गाठावं लागतं. आपली गिधाडं जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने संपत आणली. २००६ मध्ये भारताने त्या वापरावर बंदी घातली. एवढा अनुभव समोर असताना स्पेनने २०१३ मध्ये तेच औषध जनावरांसाठी मंजूर केलं, याचं मला आजही वाईट वाटतं. दुर्बीण न्या. छोटी ८x२५ सॅडलबॅगेत मावते.

---

पेलोटॉन

त्याच पक्ष्याच्या नावाची सायकल स्पर्धा आहे: केब्रान्ताउएसोस. १९९१ पासून, सोब्रार्बेच्या पश्चिमेला साबिन्यानिगो गावातून, जूनमध्ये. दोनशे किलोमीटर, सोम्पोर्त खिंडीतून फ्रान्समध्ये उतरायचं, मारी ब्लांक चढायचं आणि पोर्तालेवरून परत स्पेनमध्ये. हजारो हौशी लोक येतात. ज्यांना शांतता हवी त्यांनी तो आठवडा टाळावा, ज्यांना जत्रा हवी त्यांनी तोच गाठावा.

शर्यतीच्या चाहत्यांसाठी आणखी: २०१६ च्या व्हुएल्तामधला, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या मोठ्या सायकल शर्यतीतला, साबिन्यानिगो ते फोर्मिगाल हा टप्पा याच बाजूचा. जेमतेम ११८ किलोमीटर. सुरुवातीलाच कोन्तादोरने हल्ला केला, किन्तानाने त्याच्या मागे उडी घेतली आणि फ्रूमचे साथीदार मागे राहिले. फ्रूमने त्या दिवशी अडीच मिनिटांहून जास्त गमावली आणि स्पर्धाही तिथेच हातची गेली. नव्वदहून अधिक स्पर्धक वेळेच्या मर्यादेबाहेर पोचले! सगळ्यांना काढलं असतं तर शर्यतच उरली नसती, म्हणून चालू दिलं.

---

पेडलपंढरी

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याचं नक्की करतोय. सोबत सत्तरीकडे झुकलेले वडील आहेत, तेही चालवतात, पण आन्यिस्क्लोची पूर्ण फेरी त्यांना झेपणार नाही. त्यांच्यासाठी काय? आणि सारागोसाहून पोचायचं कसं?

---

घाटवाट

@पेडलपंढरी, काकांना नक्की आणा. त्यांच्यासाठी आइन्सा ते बोल्तान्या आणि पुढे हानोवासच्या पुलापर्यंत आराच्या कडेचा रस्ता योग्य. चढ सौम्य, येऊन-जाऊन तीसेक किलोमीटर, आणि बोल्तान्याला बसायला छान चौक आहे. हा मुख्य रस्ता असल्यामुळे सकाळी नऊच्या आत निघा, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. आइन्सात इलेक्ट्रिक सायकली भाड्याने मिळतात. तसली घेतली तर काका फानलोलाही तुमच्याआधी पोचतील.

माद्रिद किंवा बार्सेलोनाहून सारागोसाला वेगवान रेल्वेने सव्वा-दीड तास. पुढे बार्बास्त्रोपर्यंत बस आणि तिथून आइन्साची बस, पण ती मोजकी आहे आणि सायकल पिशवीत बांधलेली लागते. दोघं आहात तर सारागोसातून गाडी भाड्याने घेणंच सोपं. पंक्चर किटबरोबर जादा टायर आणि डिरेलर हँगर पुण्याहूनच आणा, आइन्सातली दुकानं माउंटन बाइकची आहेत. पाण्यासाठी बहुतेक गावांत नळ-कारंजं असतं. पाटीवर "नो पोताब्ले" लिहिलं असेल तर पिऊ नका. आणि दुपारनंतर डोंगरावर ढग जमायला लागले तर फानलोच्या अलीकडेच थांबा, वादळ बहुतेकदा तासाभरात निघून जातं.

तारखा ठरल्या की व्यक्तिगत निरोप करा. जमलं तर मी आइन्सापर्यंत येईन.